सरकीगाडीच्या फाटकावरची चंद्रकला

पांढुर्ण्याच्या स्टेशनावरून मोठी लाइन एकीकडे नागपूरला आणि दुसरीकडे इटारसीला जाते, हे कोणालाही माहीत आहे. पण याच स्टेशनाच्या मागच्या अंगानं एकेकाळी एक लहानसा फाटा निघायचा. गावाच्या कडेकडेनं, कपाशीच्या वावरांना घासत तो जिनिंगच्या कारखान्यांपर्यंत जायचा आणि तिथंच संपायचा. पायी निघालेल्या माणसाला घामही येणार नाही, एवढीच ती लाइन. इंग्रजांच्या काळात कारखानदार शेठ लोकांनीच ती टाकून घेतली होती. सकाळी तिच्यावरून रिकामे डबे आत जायचे, संध्याकाळी रुईच्या गाठी आणि सरकीची पोती बाहेर यायची. गाडी सरकी वाहायची आणि चालायचीही सरकत सरकत, म्हणून लोकांनी तिचं नाव ठेवलं सरकीगाडी.

या गाडीच्या शेपटीला माणसांचा एक जुना डबा जोडलेला असायचा. कारखान्यात कामाला जाणाऱ्या बाया त्यातून जायच्या-यायच्या. माझी आई, प्रमिला, त्याच डब्यातून वर्षानुवर्षं गेली. कापसातली कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेचायचं काम करायची ती. डब्यात वेण्या घातल्या जायच्या, उवा मारल्या जायच्या, लग्नं जुळवली जायची. आई म्हणायची, "घरी सासू, कारखान्यात मुकादम. आमचं बोलणं काय ते त्या डब्यातच."

कारखाने आणि स्टेशन यांच्या मधोमध ही लाइन बाजाराच्या रस्त्याला आडवी जायची. तिथं लोखंडी फाटक होतं, बाजूला एक खोलीचं घर होतं, आणि त्या घरात राहायची चंद्रकला. मी तिला मावशी म्हणते. तिचीच ही गोष्ट आहे.

चंद्रकलामावशी मूळची सौंसरची. तिचे वडील छोट्या लाइनीवर गँगमन होते. पटरीवर हातोड्याचा ठणठणाट ऐकतच ती मोठी झाली. पांढुर्ण्याच्या सुखदेवशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा मुलगा काय करतो म्हणून तिनं विचारलं. रेल्वेत आहे, असं सांगण्यात आलं. लग्न होऊन ती आली आणि तिनं सरकीगाडी पाहिली. ही गोष्ट सांगताना ती आजही पदर तोंडाला लावून हसते.

"मी म्हटलं, हे रेल्वे? आमच्या सौंसरची छोटी लाइन तरी नागपूरले जाते. हे तं निघाली नाही का पोचली! पण दीपालीचे बाबा असे काही मिरवत होते, जसे मुंबई मेलवर आहेत."

दीपाली म्हणजे तिची मुलगी. आणि दीपालीचे बाबा, सुखदेव, तेव्हा गाडी जोडण्या-सोडण्याच्या कामावर होते. दीपाली वर्षाची असताना दोन डब्यांच्या मधे त्यांचा पाय सापडला. पाय वाचला, पण लंगडा झाला. कारखान्यानं त्यांना काढलं नाही, फाटकावर बसवलं आणि राहायला ती खोली दिली. मावशीनं दारात मेंदी लावली, मागे भेंडी-वांगी लावली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो टांगला, आणि संसार नीट चालू लागला.

पण पुढच्या काही वर्षांत सुखदेवची नजर अधू होत गेली. आधी लांबचं दिसेना, मग जवळचंही धूसर झालं. एके दिवशी त्यांनी फाटक लावलं आणि एक सायकलवाला रुळांमध्येच अडकून राहिला. गाडी सरकीगाडी होती म्हणून वाचला. संध्याकाळी सुखदेव ओट्यावर बसून राहिले. मावशी म्हणाली, "उद्यापासून मी पाहतो. तुमी फक्त बसा."

तेव्हापासून फाटक मावशीच सांभाळू लागली. नोकरी सुखदेवची, काम तिचं. सुखदेवना कानांनी कळायचं. बायकोच्या आधी त्यांनाच गाडीची चाहूल लागायची. "आली वं," ते म्हणायचे, आणि मावशी लुगड्याचा काष्टा घट्ट करून झेंडे घेऊन निघायची. गावातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. कारखान्याच्या मॅनेजरलाही ठाऊक होतं, पण त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

सरकीगाडीचे ड्रायव्हर होते पुंडलिकराव. सावरगावचे, घरची संत्र्याची बाग असलेले, उंच, रागीट, भरघोस मिशांचे. इंजिनावर त्यांचं फार प्रेम. येता-जाता फाटकापाशी गाडी हळू करून ते सुखदेवशी दोन शब्द बोलायचे. सुखदेवबद्दल त्यांना माया होती. पण फाटकावरच्या माठातलं पाणी ते पीत नसत. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीनं तोंड लालबुंद झालेलं असायचं, तरी नाही. सुखदेव दरवेळी विचारायचे, "पाणी, भाऊ?" ते म्हणायचे, "आत्ताच पिलो." पण मावशीला कळत होतं, सुखदेवना कळत होतं, आणि पुंडलिकरावांनाही कळत होतं की या दोघांना कळतं.

अशी काही वर्षं गेली. मग ती माघातली संध्याकाळ आली.

कापसाचा हंगाम भरात होता. बाजारातून भरून आलेल्या बैलगाड्या कारखान्यांकडे निघाल्या होत्या, आणि गाडीची वेळ झाली म्हणून फाटक आधीच लावलेलं असल्यामुळं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांची लांबच लांब रांग लागली होती. प्रत्येक गाडीवर घराएवढा कापूस. गाडीवान बिड्या ओढत, गप्पा मारत उभे होते. वारा सुटला होता.

सुखदेव म्हणाले, "आली वं." मावशी उठली. कारखान्याच्या आवारातून गाडी बाहेर पडत होती. पुढे इंजिन, मग गाठींनी भरलेले उघडे डबे, आणि शेवटी बायांचा डबा. इंजिनाला लागून असलेल्या पहिल्याच डब्याच्या ताडपत्रीखालून काळसर पिवळा धूर निघताना मावशीला दिसला. इंजिनाचा धूर वर जातो, हा तर बाजूनं निघत होता.

तिनं लाल झेंडा उचलला आणि रुळांच्या मधून गाडीच्या दिशेनं धावत सुटली. ओरडत होती, पण इंजिनाच्या आवाजात तिचं ओरडणं कोणाला ऐकू जाणार! झेंडा मात्र पुंडलिकरावांना दिसला. गाडी फाटकाच्या थोडी अलीकडे, जिनफैलच्या समोर थांबली. जिनफैल म्हणजे कारखान्यातल्या मजुरांची वस्ती. गवताच्या छपरांची घरं अगदी रुळाला खेटून होती.

"आग! पाठीमागं पाहा!" मावशी ओरडली.

पुंडलिकरावांनी मागे वळून पाहिलं तोवर ताडपत्रीला भोक पडून त्यातून जीभ काढावी तशी ज्वाळा बाहेर आली होती. इंजिनाची ठिणगी उडून गाठीत शिरली असावी. ते खाली उतरले. त्यांनी आणि इंजिनात कोळसा टाकणाऱ्या त्यांच्या खलाशानं मिळून पहिल्या डब्याची मागची जोडणी सोडली. आता पेटलेला डबा फक्त इंजिनाला लागून राहिला. बाकीचे डबे आणि बायांचा डबा मागेच उभे राहिले. बाया उड्या मारून खाली उतरल्या. माझी आई सांगते, कोणी पायातली चप्पल सोडली, कोणी जेवणाचा डबा, पण सगळ्या धड उतरल्या.

आता प्रश्न होता जळत्या डब्याचं काय करायचं. तिथंच सोडला तर वारा वस्तीकडे होता. गवताची छपरं पेटायला कितीसा वेळ लागतो? फाटक ओलांडून थोडं पुढं गेलं की नाला होता, पाणी होतं, आणि आजूबाजूला काही नव्हतं. डबा तिकडे न्यायलाच पाहिजे होता. पण मधे फाटक होतं, आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना अगदी लोखंडाला टेकून कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. जळता डबा त्यांच्यामधून गेला असता, तर एक ठिणगी पुरे होती.

कारखान्यातून मॅनेजर धावत आला. "हिरवी दाखव! गाडी काढा इथून!" तो ओरडला.

मावशी फाटकात उभी राहिली. लाल झेंडा तिनं खाली घेतला नाही. "पहिले गाड्या मागं घेऊ द्या साहेब," ती म्हणाली. "मंग काढा."

"डबा पेटून राहिला आणि तू मला शिकवतेस?"

"साहेब, हा डबा असा नेला तं रस्ता पेटंल, बाजार पेटंल. इथं माणसं आहेत."

पुंडलिकराव इंजिनावर चढून बसले होते. त्यांच्या पाठीशी आग होती. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं, मावशीच्या हातातल्या झेंड्याकडे पाहिलं, आणि ओरडले, "ते म्हणते तसं करा! झेंडा पडल्याबिगर मी गाडी हालवत नाही."

मग एकच धावपळ झाली. घाबरून काही गाडीवान बैल सोडून पळायला लागले. मावशीनं आवाज चढवला, "बैल सोडू नका! बैल गेले तं गाड्या कोण वढंल?" तिनं एका जोडीच्या वेसणी धरून ती गाडी मागं वळवली. मागचे गाडीवान भानावर आले, त्यांनी आपापल्या गाड्या वळवल्या. पण फाटकाजवळच्या काही गाड्यांचे बैल आधीच सुटले होते. त्या नुसत्या उभ्या होत्या, कापसानं भरलेल्या.

तेव्हा डब्यातून उतरलेल्या बाया आल्या. कोणी बोलावलं नव्हतं त्यांना. पळून जाता आलं असतं. आई म्हणते, "चंद्रकला एकटी चाकाले खांदा लावून होती. आमाले लाज वाटली पळायची." बाया चाकांना भिडल्या, कोणी जू धरलं, कोणी मागून ढकललं. एकेक गाडी मागं सरकली. सुखदेव लंगडत, काठी आपटत सगळ्यांना ओरडून सांगत होते, "ढकला वं मायांनो, ढकला!" त्यांना काही दिसत नव्हतं, पण आगीची धग चेहऱ्यावर लागत होती.

रस्ता मोकळा झाला. मावशीनं हिरवा झेंडा दाखवला.

पुंडलिकरावांनी इंजिन भरधाव सोडलं. सरकीगाडी तिच्या जन्मात कधी पळाली नव्हती, ती त्या दिवशी पळाली. पाठीमागं ज्वाळा, ठिणग्यांचा पाऊस. खलाशी ओल्या पोत्यांनी ड्रायव्हरची पाठ झाकत होता. गाडी फाटकातून पार झाली आणि एक जळता पुंजका उडून मागं घेतलेल्या एका गाडीवर पडला. मावशीनं माठातल्या पाण्यात भिजवलेलं पोतं झटकन त्यावर दाबलं. कापूस विझला. तिचा उजवा हात मात्र कोपरापर्यंत भाजला.

नाल्याजवळ इंजिन वेगळं करून पुढं नेलं. गावकऱ्यांनी बादल्या ओतल्या, पण गाठी आतून धुमसत असल्यामुळं डबा शेवटी लोखंडाचा सांगाडा होऊन राहिला. माणूस एकही गेला नाही. बैल नाही, घर नाही.

अंधार पडता पडता पुंडलिकराव चालत फाटकावर आले. मिशा एका बाजूनं जळाल्या होत्या, डोळे सुजले होते. बाया मावशीच्या हाताला लोणी लावत होत्या. गाडीवान होते, खलाशी होता, सगळे होते. पुंडलिकराव ओट्यावर बसले आणि म्हणाले, "चंद्रकलाबाई, पाणी दे."

माठातलं बहुतेक पाणी पोत्याला गेलं होतं. मावशीनं माठ वाकडा करून तळाचं पाणी लोट्यात घेतलं आणि डाव्या हातानं दिलं. त्यांनी ते सगळं पिऊन टाकलं, आणि लोटा पुन्हा पुढं केला.

काही दिवसांनी चौकशी झाली. नागपूरहून शेठचा मुलगा आला. मॅनेजरनं सुखदेवचं कौतुक केलं, फाटकवाल्यानं वेळेवर झेंडा दाखवला म्हणून. छोट्या शेठनं सुखदेवना पुढं बोलावलं आणि विचारलं, "धूर तुम्हाला कुठून दिसला?"

मॅनेजर डोळ्यांनी खुणावत होता. सुखदेवना खुणा दिसायचा प्रश्नच नव्हता.

"साहेब," ते म्हणाले, "मले तुमीबी दिसून नाही राहिले. दोन-तीन वर्षं झाले. फाटक हेच पाहते." आणि त्यांनी चाचपडत शेजारी उभ्या मावशीचा हात पुढं केला, पट्टी बांधलेला.

छोटा शेठ चांगला माणूस होता, पण गोंधळला. बाईमाणसाला फाटकावर कसं ठेवायचं, उद्या काही झालं तर, असं काहीतरी तो बोलू लागला. सुखदेवना दुसरं हलकं काम देऊ, फाटकावर नवा माणूस ठेवू, असं ठरत आलं.

ही बातमी संध्याकाळपर्यंत डब्यात पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकीगाडी स्टेशनामागं उभी राहिली आणि एकही बाई डब्यात चढली नाही. मुकादम धावत आला. माझ्या आईच्या शेजारची विजयमाला म्हणून एक बाई होती, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "नवा माणूस येणार म्हणता नं? येऊ द्या. पण चंद्रकला फाटकावर नसंल तं आमी डब्यात बसत नाही. आमाले आमचा जीव प्यारा आहे."

मुकादमानं पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकराव इंजिनातून खाली उतरले, सावलीत बसले आणि तंबाखू मळू लागले.

हंगामाचे दिवस. कारखान्यात कापसाचे डोंगर, आणि वेचायला बाई नाही. दुपारच्या आत निरोप आला. फाटकवाली म्हणून नेमणूक चंद्रकला सुखदेव हिची, तिच्या स्वतःच्या नावानं. खाकी कोट मिळाला, तो पुरुषाच्या मापाचा. गुडघ्यापर्यंत येणारा तो कोट लुगड्यावर चढवून मावशी फाटकात उभी राहिली, तेव्हा पहिल्या दिवशी सगळा डबा खिडक्यांतून हात हलवत गेला. सुखदेवनी दीपालीला विचारलं, "कशी दिसून राहिली तुझी माय?" दीपाली म्हणाली, "पोस्टमनसारखी." सुखदेव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढं जे झालं, ते हळूहळू झालं. ट्रक आले. गाठी ट्रकनं परस्पर जाऊ लागल्या. एक कारखाना बंद पडला, मग दुसरा. सरकीगाडी रोज यायची ती आठवड्यातून येऊ लागली, मग कधीतरी. बायांचा डबा एकदा दुरुस्तीला म्हणून गेला आणि परत आला नाही. शेवटची फेरी कोणती, हे कोणाला सांगता येत नाही, कारण ती शेवटची आहे हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हतं. मावशीनं तेव्हा फाटक लावलं, गाडी गेली, तिनं फाटक उघडलं. पुन्हा लावायची वेळ आलीच नाही. पुंडलिकराव बागेत रमले. इंजिन भंगारात गेलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं त्यांच्या घरचे सांगतात.

मावशी रडत बसली नाही. संत्र्याच्या मंडीत फळं निवडायच्या कामाला लागली. मोठं वेगळं, बारकं वेगळं, डागी वेगळं. दीपालीला तिनं शिकवलं, ती नर्स होऊन सौंसरला राहते. सुखदेव गेले तेव्हा दीपालीचा मुलगा विशाल नुकता बोलायला लागला होता, आजोबांना तो गोष्टी सांगायचा आणि ते ऐकायचे, एवढं सुख त्यांना मिळालं. खोली कारखान्यानं मावशीच्याच नावावर करून दिली. तिथंच ती आजही राहते. मेंदीचं आता झाड झालं आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून सगळीकडे खोदकाम चालू आहे. बाजाराचा रस्ता रुंद करायला घेतला आणि डांबराखालून दोन रूळ वर आले. पोरं गोळा झाली, मोबाईलवर फोटो काढू लागली. इथं रेल्वे होती हे त्यांच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. मी सकाळच्या शाळेत शिकवून परतत होते, तिथंच थांबले. मावशी ओट्यावर बसून सगळं पाहत होती.

तेवढ्यात एक मोटारसायकल आली. चालवत होता कुलदीप, पुंडलिकरावांचा नातू, आणि मागं त्याच्या खांद्याला धरून खुद्द पुंडलिकराव. नव्वदीला टेकलेले. मिशा पांढऱ्याशुभ्र, पण तशाच भरघोस. बातमी ऐकून आले होते. रुळांपाशी जाऊन त्यांनी काठीनं रूळ ठोकून पाहिला, मग मावशीच्या ओट्यावर येऊन बसले. कुलदीपनं विचारलं, "आजोबा, ते आगीची गोष्ट इथंच झाली होती का?"

"इथंच. मी इंजिनावरून पाह्यलं, डब्यातून धूर निघून राहिला. लगेच ब्रेक लावला."

मावशीनं मान वळवली. "कोणी पाह्यलं?"

"मी पाह्यलं."

"पुंडलिकभाऊ, तुमी समोर पाहून राहिले होते. मी झेंडा घेऊन बोंबलत आली नसती, तं तुमी स्टेशनावर जाऊन चहा पेत बसले असते, आन् पाठीमागं होळी!"

"जामसांवलीच्या मारुतीची आण, मले वास आला होता."

"आत्ता म्हटलं पाह्यलं, आत्ता म्हणता वास आला!"

"वास आला म्हणून पाह्यलं."

"मारुतीले कायले मधात आणता? त्याले तरी खोटं बोलायले लावू नका."

पुंडलिकराव कुलदीपकडे वळून म्हणाले, "हे बाई तेव्हाबी अशीच होती. अख्ख्या कारखान्यात मॅनेजरले नाही म्हणणारी एकटी. मी ड्रायव्हर, मलेबी भेव वाटे हिचं." आणि हळूच पुढं म्हणाले, "पण झेंडा पडल्याबिगर गाडी हालवली नाही मी, हे तं खरं आहे न, चंद्रकलाबाई?"

"हाव," मावशी म्हणाली. "थे खरं आहे. पाठ भाजून राहिली होती तुमची, तरी बसले होते. थे मी सगळ्याईले सांगतो."

दुपारपर्यंत ते बसले. मी चहा करून दिला. कोण कोण गेलं, कोण कोण आहे, याची उजळणी झाली. माझी आई, विजयमाला, तो खलाशी. निघताना पुंडलिकरावांना मोटारसायकलवर पाय टाकता येईना. मावशी उठली, एका हातानं त्यांचा दंड धरला, दुसऱ्यानं कुलदीपला दटावलं, "जोरात नेजो नको रे बाप्पा, बुढा पडंल."

तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी कुलदीप आजोबांना आणून सोडतो आणि बाजार करून परत घेऊन जातो. ते येतात, बसतात, आणि आगीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मागच्या वेळी त्यांनी सांगितलं की धूर त्यांना कारखान्याच्या आवारातच दिसला होता. मावशी त्यांच्यापुढं सोललेलं संत्रं ठेवत म्हणाली, "मंग थांबले कायले नाही?"